एक वजा

राजूरमध्ये ज्याने घर बांधलं, वाढवलं किंवा भिंतीत नुसता खिळा ठोकला, तो नानांना ओळखतो. तुमच्या गावातही एक नाना असतीलच. नाव वेगळं असेल, एवढंच. दारात वाळू पडली की हे हजर. "काय काढलंय?" असं विचारता विचारता खिशातून स्टीलची टेप बाहेर येते आणि तुम्ही तोंड उघडेपर्यंत तुमची खिडकी मोजून झालेली असते.

या टेपचा पहिला इंच तुटलेला आहे. पाटबंधारे खात्यात असताना कालव्यावर तुटला म्हणतात. नाना निवृत्त झाले, टेप झाली नाही. त्यामुळे ते एकच्या आकड्यापासून मोजतात आणि शेवटी खणखणीत आवाजात सांगतात, "एक वजा!" ही सवय आता टेपपुरती राहिलेली नाही. डांगी जनावरांच्या प्रदर्शनात त्यांनी एका वळूची उंची घेऊन "बावन्न, एक वजा, एक्कावन्न" असं जाहीर केलं, तेव्हा मालकाने वळूला राहू दिलं आणि नानांना मांडवाबाहेर नेलं. पेढ्यांच्या दुकानात ते पुडा उघडून मोजतात, "सतरा... एक वजा," आणि वजा झालेला पेढा तोंडात टाकतात.

आम्ही स्वयंपाकघर नवं करायचं ठरवलं तेव्हा नानांना कोणी बोलावलं नव्हतं. "बजेट किती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एक लाख." "एक वजा," नाना म्हणाले. एक लाखातून एक वजा केला की काय उरतं, ते ओटा झाल्यावर कळलं.

आधी त्यांनी मला संगमनेरला मॉड्युलर किचनच्या दुकानात नेलं. तिथल्या मुलाने संगणकावर आमचं स्वयंपाकघर फिरवून दाखवलं. त्यात फळांची टोपली होती, फुलदाणी होती. फक्त कुकर, मिसळणाचा डबा आणि पाण्याचा माठ नव्हता. आम्ही त्याच्यासमोर मापांचा कागद ठेवला. दोन दिवसांनी तो मुलगा लेझरचं यंत्र घेऊन राजूरला आला. भिंत भरली नऊ फूट सात इंच. नानांनी टेप टाकली. "नऊ फूट आठ... एक वजा. सात! याचं मशीन बरोबर आहे." त्या मुलाला यंत्राचं एवढं कौतुक कुठेच ऐकायला मिळालं नसावं.

मग त्याने ट्रॉल्यांसाठी 303 नंबरचा प्लाय सुचवला. नाना खुर्चीतून उठले. "अरे, इथे चार महिने कपडे वाळत नाहीत, तुझा प्लाय वाळणार आहे का? 303 फुगून पापड होईल. 710 चा शिक्का दाखव." शिक्क्याचा भाव ऐकल्यावर नानांनीच तोड काढली: खालचे कप्पे कडप्प्याचे, वर ग्रॅनाइट, आणि स्टीलच्या ट्रॉल्या दोनच. बाकीच्या फळ्यांवर डबे.

ग्रॅनाइट घ्यायला जाताना नानांनी आमच्या सुनेकडून नेलपॉलिश काढायची बाटली मागून घेतली. घरात कुजबुज झाली. दुकानात त्यांनी कापसाचा बोळा भिजवून काळ्याभोर लादीवर घासला, बोळा काळा. "जेट ब्लॅक ना? मग रंग का सोडतोय?" दुसऱ्या लादीवर लिंबू पिळून ठेवलं आणि तेवढ्यात चहा मागवला. दुकानदाराच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. सिंकसाठी कापून निघणाऱ्या तुकड्याचेही पैसे आपण भरलेले असतात, तरी तो दुकानातच राहतो. नाना तो हक्काने उचलून आणतात. राजूरच्या कितीतरी घरांत तुळशीपुढे अशी एकेक काळी पायरी आहे, ती नानांची.

एवढं सगळं करूनही ओटा एक इंच आखूड झाला. नानांनी एक वजा करूनच माप लिहिलं होतं. मिस्त्रीला नानांची सवय माहीत, म्हणून त्यानेही एक वजा केला. "फट राहिली," मी म्हणालो. "फट कसली? चहाचा ट्रे उभा करायची जागा आहे," नाना म्हणाले. ट्रे आता तिथेच असतो, आणि तो चपखल बसतो हे मला कबूल करवत नाही.

भंडारदऱ्याच्या धरणाची भिंत इंग्रज साहेबाने 1926 साली पुरी केली, हे नाना दर चहाला सांगतात. त्यावर ओटा बांधण्याआधी मी एकदा सुनावलं, की त्याच साली जर्मनीत फ्रँकफर्टला मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या बाईने घड्याळ लावून, पावलं वाचवून, आजच्या फिटेड किचनचा पहिला आराखडा केला. पुढे तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं झाली. आणि तोवर तिने स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता. शेवटचं वाक्य मी मुद्दाम टाकलं होतं. नाना गप्प बसले. मग म्हणाले, "वहिनींना बोलाव."

वहिनी म्हणजे माझी आई. आई ठेंगणी. जुना ओटा गवंड्याने स्वतःच्या उंचीला धरून बांधलेला. आईने त्यावर टाचा उचलून पोळ्या लाटत जन्म काढला. नानांनी तिला भिंतीशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितला आणि गुडघे टेकून कोपरापासून फरशीपर्यंत टेप धरली. "छत्तीस. एक वजा, पस्तीस. लाटायला पाच आणखी वजा. ओटा तीस इंच." मॉड्युलरवाला चौतीसवर अडून होता. "वहिनी चौतीसच्या नाहीत," नाना म्हणाले. आजवर आईचं माप शिंप्याखेरीज कोणी घेतलं नव्हतं. ती लाजून म्हणाली, "माझ्या एकटीसाठी कशाला मोडता सगळं?"

"आणि नानींचा ओटा किती उंच?" मी विचारलं. नानांनी टेप खिशात टाकली. "तिनं कधी सांगितलंच नाही." "तुम्ही कधी विचारलंत?" याला वजा करायला त्यांच्याकडे आकडा नव्हता. पण घरी जाऊन त्यांनी टेप काढली असावी, कारण दुसऱ्या दिवशी नानी आईला सांगत होत्या, "मी म्हटलं, आता कोपराचं राहू द्या, गुडघ्यांचं माप घ्या."

तुम्ही ओटा काढणार असाल तर संगणकावरच्या फुलदाणीला भुलू नका. लाटणं ज्याच्या हातात, त्याच्या कोपराचं माप आधी घ्या. जमलं तर नानांना बोलवा. पैसे घेत नाहीत, चहा दोनदा लागतो. टेप मात्र तुमची द्या.