मनगटावरचे केस

सुऱ्यांचा शौकीन ओळखायचा तर त्याचं मनगट पाहावं: धार तपासता तपासता तिथले केस भादरलेले असतात. पात्याचा रॉकवेल, म्हणजे कठीणपणाचा आकडा, ६० की ६२, यावर तो तासभर बोलतो. घरातला कांदा मात्र विळीवरच चिरला जातो. नव्या पात्याला डाग पडेल ना!

पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड्याला हे सांगून पाहा. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१चा. निदान तेव्हापासून त्याच्या जिल्ह्यात कोयत्याची परीक्षा टनांवर होते. मुकादम उचल देतो तीही कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. बायकोचा वेगळा हिशेब नाही. (यावर शौकिनांत चर्चा होत नाही.)

‘‘पोलाद कोणतं?’’ शौकीन विचारतो.

‘‘ट्रकच्या पाट्याचं.’’

‘‘अरे वा, स्प्रिंग स्टील! मग रॉकवेल किती?’’