थकबाकीदाराचा मान

आमच्या सोसायटीत मेंटेनन्स थकवणारा माणूस वार्षिक सभेत सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर बसतो. लिफ्ट का बंद, टाकी कधी धुतली, झाडूला नव्वद रुपये कसे लागले, हे सगळे त्यालाच विचारायचे असते. वेळेवर भरणारे मागे बसून सामोसा संपवतात.

कायदा तसा कडक आहे. उपविधींनुसार थकबाकीवर वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येते. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर कलम 154ब-29 खाली, उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळतो, मग जप्तीसुद्धा. पण त्यासाठी ठराव हवा, नोटिसा हव्यात, खातेउतारा हवा, आणि मुख्य म्हणजे रोज लिफ्टमध्ये त्याच माणसाशेजारी उभे राहायची हिंमत हवी. ती कोणत्याही उपविधीत दिलेली नाही.

(पाणी तोडण्याची सूचना दरवर्षी एक काका करतात. ते बेकायदा आहे, हे थकबाकीदारच त्यांना समजावून सांगतो.)

यंदा व्याज माफ झाले. ठराव त्यानेच मांडला. अनुमोदन दुसऱ्या थकबाकीदाराचे होते.