लाईन हाय का?

(रंगमंचावर एक खुर्ची. कलाकार येतो, प्रेक्षकांवर नजर फिरवतो.)

घाटावरचे किती? घाटाखालचे किती? बरं, आता दोघंही सांगा, लाईन हाय का? ...पाहा! शेतकऱ्यानं पंख्याकडं पाह्यलं, कॉलेजची पोट्टी लाजली, अन् मागचे काका पिशवी घेऊन उभे राह्यले!

मले पोरगी पाहायच्या वक्ताला आमच्या मामाजींनी, म्हंजे सासऱ्यांनी, पहिलाच प्रश्न टाकला. (जाड आवाज) "पोट्टं कोन्त्या लाईनीत हाय?" म्हटलं, नाटकाच्या. "म्हंजे लाईनीवर नाही!" अन् त्यांच्या पोरीवर आधीपासून लाईन मारत होतो, हे त्यांना आज समजून राह्यलं. पहिल्याच रांगेत बसले आहेत. नमस्कार, मामाजी!

एकदा यांच्यासंगं शेगावले गेलो. दर्शनाची लाईन ही अशी. बाहेरच होतो, तर सालदाराचा फोन.

"हॅलो! लाईन गेली? कवा? ...मी लाईनीतच हाओ! ...डिओ उडाला? मंग लाईनमनले सांग, म्हनावं लाईन सोड!"

समोरचा माणूस दचकला. मामाजींचं चालूच. "सोड म्हनलं नं! लाईन सोड!" बिचारा हात जोडून बाजूले झाला! आम्ही एक पाऊल पुढं. "अजून नाही सोडली? काहून नाही सोडत बे?" दुसरा सरकला! "पोरं हरभऱ्यावर उभे हायेत, सोड लवकर!" आख्खं कुटुंब सरकलं, आजीसकट! शेवटी सेवाधारी आले. "माऊली, लाईन सोडू नका." मामाजी भडकले, "नाही सोडली तर हरभरा वायते नं बाप्पा!"

(हसू ओसरू देतो.)

हरभरा वायते, हे खरंच हाय. शेतातली थ्री फेज कितीक वेळा रात्रीच येते. माहा बाप कानटोपी, बॅटरी अन् काठी घेऊन निघे. थंडीत, ओलितात पाय, अन् धुऱ्यावर साप. माय काही झोपे नाही. शेताकडून मोटरीचा आवाज आला का मंगच अंगावर गोधडी घे. मोटर चालू झाली, म्हंजे माणूस पोचला.

(थांबतो. जाड आवाज) "जवाईबापू, तुम्ही कायले रडता? तुमची मोटर तं दिवसाबी बंदच राह्यते!"

आता रेल्वेची लाईन. १८७० मध्ये इंग्रजानं जलंब ते खामगाव फाटा चालू केला, जेमतेम १३ किलोमीटर. खामगावचा कापूस न्यायचा होता. उद्घाटनाले व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द आला. कापसाले लगेच लाईन भेटली. माणसाले? बुलडाण्याच्या माणसानं रेल्वे पाहायची, तर अजून घाट उतरून मलकापूर गाठा!

अन् खामगाव-जालना! शंभर वर्षांच्या वर झाले मागणीले. मामाजी म्हनतात, "माह्या बापापासून सर्वेच चालू हाय. रूळ नाही टाकत, पन वावर मात्र मोजून जातेत!"

म्हटलं, मामाजी, नाराज नका होऊ. जिल्ह्यात ही एकच लाईन हाय, जी कधी जात नाही. "काहून?"

आल्याबिगर कोठी जाईन?