दुष्काळात तेरावा महिना

मोबाइल कंपन्यांच्या पंचांगात महिना २८ दिवसांचा असतो. ३६५ला २८नं भागून पाहा, वर्षाला तेरा महिने बसतात. आपल्याकडं धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, जावयाला धोंडे खाऊ घातले की सासरा मोकळा. कंपन्यांचा धोंडा दरसाल येतो आणि जावई कायम तेच. २०२२च्या जानेवारीत दूरसंचार नियामक 'ट्राय'नं दटावलं, निदान एक तरी प्लॅन ३० दिवसांचा ठेवा. कंपन्यांनी ठेवला. दुकानात तो मागून पाहा. दुकानदार आधी तुमच्याकडं बघतो, मग यादी चाळतो. ठेवा म्हटलं होतं, दाखवा असं कुठं म्हटलं होतं?

या धंद्याचा खरा चमत्कार मात्र २०२४च्या पावसाळ्यात दिसला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया या तिघांना एकच गोष्ट सुचली आणि तिघांनी दर वाढवले. जिओचा २८ दिवसांचा १५५ रुपयांचा रिचार्ज १८९ला गेला. लोक चिडले, पोर्ट करू लागले. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत जिओचे १ कोटी ९ लाख ग्राहक घटले. किराणा दुकानातून एक घर तुटलं तर दुकानदार चार दिवस त्या दारावरून मान खाली घालून जातो. इथं कोटीभर घरं तुटली आणि जिओचा तिमाही नफा आदल्या वर्षीपेक्षा २३ टक्क्यांनी वाढून ६,२३१ कोटी झाला! कारण जो राहिला त्याच्याकडून महिन्याला सरासरी १८१ रुपये ७० पैशांऐवजी १९५ रुपये १० पैसे मिळू लागले. जो गेला तो बहुधा स्वस्तातला रिचार्ज मारणारा, नाहीतर फोनमध्ये दुसरं सिम नुसतंच बाळगणारा. त्याच्या जाण्याचं दुःख कुणाला होणार?

आता दुसऱ्या बाजूला चला. हा चिडलेला माणूस गेला कुठं? बीएसएनएलकडं. जुलैत तिचे २९ लाखांहून जास्त ग्राहक वाढले, ऑगस्टमध्ये आणखी २५ लाख. आमच्या चंद्रपूरकडचं मूल असो, सावली असो, नाहीतर शेजारचं गडचिरोली असो, सिमवाल्याच्या छत्रीखाली सरकारी सिमला असा भाव २००२ नंतर पहिल्यांदाच आला. त्या वर्षी तिची मोबाइल सेवा सुरू झाली, तेव्हा 'सेलवन'चं सिम मिळवायला लोक रांगेत उभे राहिले होते. यावेळी मात्र सिम घेतलेल्यांना घरी आल्यावर कळलं, की फोर-जी अजून वाटेत आहे. ऑक्टोबरात कंपनीनं बोधचिन्ह बदललं, भगवा रंग आला, 'इंडिया'चा 'भारत' झाला. नोव्हेंबरात गिऱ्हाईक परत फिरलं. नोव्हेंबर आणि डिसेंबर मिळून साडेसहा लाखांच्या आसपास सिमं उणे झाली.

आणि गंमत ऐका. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या तिमाहीत, म्हणजे गिऱ्हाईक परत निघालं त्याच तिमाहीत, बीएसएनएलला २६२ कोटींचा नफा झाला. २००७ नंतर पहिल्यांदाच, असं केंद्रीय मंत्र्यांनी मोठ्या आनंदानं सांगितलं. पुढच्या तिमाहीत २८० कोटी. खासगी असो की सरकारी, माणसं गेली की पेटी भरते, हा नियम दोघांनाही सारखाच लागू पडलेला दिसतो. या धंद्यात गिऱ्हाईक हीच तेवढी एक अडचण उरली आहे.

(पूर्ण २०२४-२५ सालाचा हिशोब २,२४७ कोटी तोट्याचाच होता. आदल्या वर्षी तो ५,३७० कोटी होता, म्हणजे सुधारणा आहे, नाही कशाला म्हणा. पण पुढच्या साली पहिल्या तिमाहीत पुन्हा हजार कोटींवर तोटा, दुसरीत त्याहून जास्त. नवे टॉवर उभे राहिले, त्यांचा घसारा हिशोबात चढला. टॉवर नव्हते तेव्हा नफा होता. टॉवर आले, नफा गेला. हे समजावून सांगणाऱ्या सनदी लेखापालाला आमच्याकडून शाल-श्रीफळ.)

ग्राहकसंख्येचंही एक गुपित आहे. सिम विकलं गेलं म्हणजे ते जागं असतंच असं नाही. 'ट्राय' दर महिन्याला दोन आकडे छापते: एकूण सिमं किती आणि त्यातली प्रत्यक्ष चालू किती. एअरटेलची जवळपास सगळी जागी असतात. बीएसएनएलची साधारण पाचांतली तीन. बाकीची दोन कुठं असतात? कुणाच्या टेबलाच्या खणात, कुणाच्या जुन्या नोकियात, आणि काही नुसती बँकेचा ओटीपी येण्यापुरती जिवंत. मतदार यादीत मयताचं नाव राहिलं तर आपण आरडाओरडा करतो. ग्राहक यादीत राहिलं तर कंपनीची वाढ होते.

२७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी ओडिशातल्या झारसुगुड्यातून बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचं लोकार्पण केलं. एकूण ९७,५०० टॉवर, खर्च सुमारे ३७ हजार कोटी. गाभा सी-डॉटचा, रेडिओ यंत्रणा तेजसची, जुळवाजुळव टीसीएसची. चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, ही लहान गोष्ट नाही. जगात ही यंत्रणा स्वतः बनवणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. उशीर झाला, पण केलं.

आणि स्वदेशीचं कौतुक सावलीला कुणी नव्यानं शिकवायला नको. १९३६ साली गांधी सेवा संघाचं संमेलन इथंच भरलं होतं, स्वतः गांधीजी आले होते. सावली तेव्हा खादीचं केंद्र होती. जाडंभरडं असलं तरी लोक ते अंगावर घालत, कारण सांगणारा माणूस आधी स्वतः तेच नेसून आला होता. आता २०२०च्या ऑक्टोबरातलं केंद्राचं फर्मान काढून वाचा. सगळ्या मंत्रालयांनी आणि सरकारी कंपन्यांनी बीएसएनएल-एमटीएनएलच वापरावं. काय काय? इंटरनेट जोडणी, लँडलाइन, लीज्ड लाइन. खिशातल्या मोबाइलबद्दल अक्षर नाही. टेबलावरचा फोन स्वदेशी, खिशातला ज्याच्या-त्याच्या मर्जीचा. पुढच्या वेळी मंत्रिमहोदय चंद्रपूर-मूल-गडचिरोली रस्त्यानं गेले तर सावलीच्या बसस्थानकाजवळ गाडी थांबवून त्यांचा फोन बघायला मागावा, असा एक विचार आहे. पण पोलीस तेवढं जवळ जाऊ देत नाहीत.

सावली शहरात आणि हमरस्त्यावर तशी तक्रार नाही. व्याहाडपर्यंत, वैनगंगेच्या पुलापर्यंत फोन 'टावर' दाखवतो. पाथरीकडं, आसोलामेंढ्याच्या तलावाकडं, जंगलाच्या अंगानं वळलात की रेंजच्या कांड्या एकेक करून गळू लागतात. मग माणसं अंगणातली, बांधावरची, शाळेच्या गच्चीवरची आपापली जागा शोधतात. "काऊन जी, लागून नाही राहिला?" "टावर नाही ना जी इथं, तिकडं त्या मोहाच्या झाडाखाली जा." कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही; माझ्याकडं ज्या कंपनीचं सिम आहे तीसुद्धा झाडाखालीच भेटते. इथल्या माणसाला धीर मात्र दांडगा. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ची, त्या उजव्या कालव्याच्या पाण्याची वाट बघत एक पिढी म्हातारी झाली. त्यापुढं रेंज म्हणजे काल-परवाची मागणी.

नदी ओलांडून गडचिरोलीत शिरलात की गणितच वेगळं. तिथं खासगी कंपनी आपणहून टॉवर घालायला उत्सुक नसते. माणसं विरळ, डिझेल महाग आणि पूर्वी टॉवर जाळले जायचे ते वेगळंच. म्हणून २०१४ला केंद्रानं माओवादग्रस्त भागांसाठी बीएसएनएलमार्फत टॉवर मंजूर केले. ते मुख्यतः सुरक्षा दलांच्या सोयीनं, पोलीस ठाणी आणि तळ बघून बसवले गेले. यंत्र कमी ताकदीचं, टू-जी. वीज सौर पॅनेलची, आणि बऱ्याच ठिकाणी मागची जोडणी उपग्रहावरून. श्रावणात आठ दिवस ऊन पडलं नाही की बॅटरीही उपास धरणार. असे २,३४३ टॉवर फोर-जी करायला केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२२च्या एप्रिलमध्ये १,८८४ कोटी ५९ लाख मंजूर केले. तीन महिन्यांनी रेंज नसलेल्या २४,६८० गावांसाठी आणखी २६,३१६ कोटी. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला देशात फाइव्ह-जी सुरू झालं. पुण्या-मुंबईत एका क्षणात सिनेमा उतरवायची सोय झाली. भामरागडला एसएमएस उतरला तरी निरोप पोचला म्हणायचा.

टॉवरचे हे पैसे सरकारनं खिशातून दिले असं समजून कुणी हार-तुरे घेऊन निघू नका. २००२पासून प्रत्येक मोबाइल कंपनीच्या उत्पन्नातले पाच टक्के एका निधीत जातात. नाव होतं सार्वत्रिक सेवा दायित्व निधी, आता झालंय 'डिजिटल भारत निधी'. हेतू एकच: जिथं धंदा परवडत नाही तिथं टॉवर घालायचे. कंपनी ते पाच टक्के अर्थातच आपल्याकडूनच काढते. सावली तालुक्यातल्या बाईनं दोनशेचा रिचार्ज मारला की जीएसटी जाऊन सात-आठ रुपये त्या निधीत पडतात, झाडाखाली उभी राहून मारला तरी पडतात. एवढ्या वर्षांत जे जमलं त्यातलं निम्म्याच्या आसपासच खर्च झालं. उरलेलं दिल्लीच्या तिजोरीत फुल रेंजमध्ये आहे.

मोबाइल नसला तर नसला, असं म्हणायची सोय असती तर हे सगळं हसून सोडून दिलं असतं. ती सोय सरकारनंच काढून घेतली. १ जानेवारी २०२३पासून रोहयोच्या मजुरांची हजेरी अ‍ॅपवर, कामावरचा फोटो दिवसातून दोनदा. फोटो चढला नाही तर खड्डा खणलाच नाही असं धरतात. रेशनच्या दुकानात ई-पॉस मशीन, अंगठा लावा आणि गोल चक्र फिरताना बघत बसा. अंगणवाडीताईंना पोषण ट्रॅकर. पोराचं वजन आधी काट्यावर घ्यायचं, मग ते फोनमध्ये चढेपर्यंत पोर तोलत बसायचं. ई-पीक पाहणी बांधावर उभं राहून. आधारभूत भावानं धान विकायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी. आणि २०२५च्या सप्टेंबरपासून लाडक्या बहिणींना ई-केवायसी. आधार क्रमांक टाका, ओटीपी येईल, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार टाका, पुन्हा ओटीपी येईल. मुदत नोव्हेंबरातली होती, ती डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. दीड हजार मिळवायचे तर आधी सहा आकडी ओटीपी मिळवायला हवा, आणि तो दहा मिनिटांत शिळा होतो. झाडाखालून घरी येईपर्यंत दहा मिनिटं होतातच.

वाघाची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. ब्रह्मपुरी वनविभागात, आणि सावलीचं वनपरिक्षेत्र त्यातच येतं, वाघाच्या हल्ल्यात माणसं मरतात. एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपाने, पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातली अळंबी. बायांना पहाटे जंगलात जावंच लागतं. आता गावागावांत व्हॉट्सअ‍ॅपचे गट झाले आहेत. अमुक कक्षात वाघाचा वावर आहे, कोणी जाऊ नये, असा निरोप त्यावर टाकतात. निरोप टाकणाऱ्याची चूक नाही, तो वेळेवर टाकतो. बाई मोह वेचून, टोपली डोक्यावर घेऊन हमरस्त्यावर येते, कांड्या उगवतात, फोन थरथरतो आणि तिला कळतं, की सकाळी आपण जिथं होतो तिथं जायचं नव्हतं. वाघाला रोमिंग फुकट आहे, सूचनेला नाही.

आता 'ट्राय'नं कंपन्यांना भाग पाडलंय, की कुठल्या भागात तुमची कोणती सेवा आहे याचा नकाशा संकेतस्थळावर टाका. टाकले आहेत. रंगीत आहेत, छान आहेत. आपल्या गावात रेंज नाही हे त्या नकाशात बघायचं असेल तर रेंजमध्ये यावं लागतं, एवढीच अट.

बरं, नकाशा चुकला असेल तर तक्रार करा. तीही सोय आहे, १९८ लावा. लागला तर तक्रार कसली करणार, आणि नाही लागला तर नोंद कुठं होणार! कंपन्यांच्या दप्तरी आमचा तालुका परम सुखी आहे.