मांडणीचं लाकूड

४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि या गावाला लोखंडाशिवाय काही सुचेनासं झालं. आता तर २६० मीटर लांबीचे रूळ निघतात इथून. अशा गावात आमच्या काकांना निवृत्तीनंतर वेड लागलं ते सुतारकामाचं!

गॅरेजात सागाच्या फळ्या, सालाचे वासे, मोडक्या पलंगाचे पाय साठले. काकू म्हणाल्या, “अँगलची मांडणी करा, अर्ध्या दिवसात होईल.” काका दुखावले. “आयुष्यभर लोखंडच पाहिलंय. मांडणी लाकडाचीच.”

शास्त्र मात्र पक्कं. फळ्यांना पोक येऊ नये म्हणून दोन-दोन फुटांवर उभे खांब. माल घसरू नये म्हणून आडवे हात टोकाकडे किंचित चढते. ओल आणि वाळवीच्या भीतीने तळ जमिनीपासून वीतभर वर. (स्क्रू तेवढे लोखंडाचे. त्याबद्दल बोलायचं नाही.)

चार रविवार गेले. मांडणी अशी झाली की हत्ती बांधावा. ठेवायला उरला पलंगाचा एक पाय. बाकी सगळं लाकूड मांडणीतच संपलं होतं.

काका आता लाकूड बघायला रायपूरला गेलेत. काकूंनी तोवर मांडणीवर पापड वाळत घातलेत.