कॅशे साफ केली का?

सातबारा काढायला पाथर्डीतल्या एका केंद्रात गेलो, तर पडद्यावर लाल इशारा: तुमचं कनेक्शन खाजगी नाही. मागून वाकून बघणारे आजोबा म्हणाले, ‘‘आठ जण डोकावतोय, खाजगी कसं असंल?’’

केंद्रचालकानं आधी एफ 5 बडवला. मग क्रोम बंद करून फायरफॉक्स उघडला. तिथंही तेच. मग परत क्रोममध्ये येऊन हुकमी मंत्र: ‘‘कॅशे साफ करतो.’’ दिसतील त्या चौकोनांत टिचक्या मारल्या. कॅशेबरोबर साठवलेले पासवर्डही वाहून गेले. इशारा जागच्या जागी.

शेवटी कुणाचं तरी लक्ष खालच्या कोपऱ्यात गेलं. संगणक 2009 सालात बसला होता! मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सीआर 2032 सेल मेला की तारीख अशी मागे पळते, आणि संकेतस्थळाचं आजचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला अजून जन्मलेलंच वाटत नाही. म्हणजे तासभर ब्राउझरला शिव्या, गुन्हेगार मात्र बटणसेल.

तारीख लावली, पान उघडलं. पत्त्याच्या रकान्यात ‘अ’ टाइप करताच ब्राउझरनं आपणहून सुचवलं: अहमदनगर. पासवर्ड विसरला, हे नाही विसरला. 2024 मध्ये जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, पण ऑटोफिलला राजपत्र कोण दाखवणार?

‘‘त्याला कशाला बोलता,’’ आजोबा म्हणाले, ‘‘मी बी अजून नगरच म्हन्तो.’’