दाण्यातल्या पाण्याची वाटणी

सोयाबीन हे राज्यघटनेनं फार बारकाईनं वाटून दिलेलं पीक आहे. वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला याची कल्पना नसते. सगळी शेंग आपलीच, अशा समजुतीत तो सोंगणीला लागतो.

सातवी अनुसूची काढून बघा. शेती राज्याची, राज्यसूचीतली नोंद १४. बाजार समितीचं आवारही राज्याचं, नोंद २८. पण माल काट्यावर चढला, की त्याची ‘खाद्य तेलबी’ होते आणि ती समवर्ती सूचीतल्या ३३व्या नोंदीत जाते. १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीनं उघडलेला हा दरवाजा. २०२० चे कृषी कायदे याच दरवाजानं आत आले आणि पुढच्या वर्षी याच दरवाजानं मुकाट परत गेले. आणि परदेशी तेलावरचं आयात शुल्क, ज्याच्यावर रिसोड-कारंज्याचा भाव खालीवर होतो, ते निव्वळ केंद्राचं. एका शेंगेत तीन दाणे, तिन्हींचे सातबारे वेगळे!

२८ मे २०२५ ला केंद्रानं सोयाबीनचा हमीभाव ४८९२ वरून ५३२८ रुपये केला. ३० मेला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आणलं. पेढा वाटायचा आणि दोन दिवसांनी दुकानाचा भावफलक उतरवायचा, असा प्रकार. शुल्क उतरवताना राज्याला विचारलं का? विचारायची तरतूदच नाही. त्यामुळे न विचारण्यात घटनाबाह्य काही घडलं नाही. (हेच वाशीम एकेकाळी वत्सगुल्म होतं, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेव्हा कर बसवणारा निदान गावात तरी सापडत असेल.)

वाटप असलं, की मात्र सूच्या कपाटात राहतात. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान वाशीमला आले आणि किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता सोडला. सोबत राज्याच्या ‘नमो’ निधीचा पाचवाही. शेती राज्याचा विषय, तरी खर्च केंद्राला करता येतो. कलम २८२ त्यासाठीच आहे. त्या दिवशी अधिकारांवर अतिक्रमण झाल्याची तक्रार मांडवातून कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

खरी घटनात्मक कसोटी पुढच्या महिन्यात लागली. हमीभावानं खरेदीसाठी दाण्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. दिवाळीच्या आगेमागे ओला दाणा घेऊन आलेले लोक खरेदी केंद्रावरून परतत होते, बाहेर व्यापारी चार हजारांच्या आसपास घेत होता. विधानसभेचं मतदान तोंडावर. तेव्हा केंद्रानं एकवेळची सवलत दिली : ओलावा १५ टक्क्यांपर्यंत चालेल, पण १२ च्या वरचा खर्च आणि तोटा राज्यानं सोसायचा.

म्हणजे दाण्यातलं पाणीसुद्धा संघराज्यात आलं. पहिले १२ टक्के दिल्लीचे, वरचे ३ मुंबईचे. केंद्र-राज्य संबंधांवर सरकारिया आयोगानं मोठा अहवाल लिहिला, पण त्यालाही ही सीमारेषा सुचली नव्हती.

आणि यंत्रावर १५.४ आलं तर? घटनेनं शेषाधिकार कलम २४८ नुसार केंद्राला दिलेत. शेष ओलावा शेतकऱ्याला. त्यानं आवारातच ताडपत्री टाकावी, उन्हाची वाट बघावी, दाणा दाताखाली धरून पाहावा. तोवर नंबर पुढे सरकतो आणि केंद्रावरचा बारदाना संपतो.

बारदाना कोणत्या सूचीत येतो, ते मात्र अजून सापडलेलं नाही.